ढाल्याची डावी बाजू

नाही ठेवला, कुणी म्हणजे कुणी विश्वास ठेवला नाही! आणि आज तुम्ही येता, दोन तास त्या शिडीवर चढ-उतर करता, कपाळाचा घाम पुसता आणि मला सांगता — मावशी, याच्या डाव्या अंगाच्या ढाली उलट्या बसल्यात. मला सांगता! अहो मॅडम, बारा वर्षं झाली — बारा — हेच मी घसा कोरडा पडेस्तोवर सांगतेय, तेव्हा तुम्ही बहुतेक वह्यांना कव्हरं घालत असाल. नाही, तुमच्यावर नाही मी चिडलेली. तुम्ही निदान शिडीवर तरी चढलात. आमचे शहाणे खाली उभे राहूनच माना डोलवतात. बसा त्या बाकावर. आज सुट्टीचा वार, दालन रिकामं आहे, पाय लांब केलेत तरी कुणी बघायला नाही. मी आपली पुसता पुसता बोलते. समितीने पाठवलंय ना तुम्हाला? बाहेरच्या जाणत्या माणसाने यावं, हाडं बघावीत, चूक कुणाची ते लिहून द्यावं, आणि उद्या दुपारी बैठक — ठाऊक आहे मला सगळं. सफाईवालीला सगळं ठाऊक असतं. टेबल पुसताना कागद डोळ्यांपुढे येतात, आणि चौथीपर्यंत शिकलेय मी, अक्षराला अक्षर जोडता येतं.

याचं पुस्तकातलं नाव त्या पाटीवर आहे, हे एवढं लांब, वाचता वाचता जेवण जिरेल. आम्ही ढाल्या म्हणतो. ते नाव मी ठेवलेलं — आता सर सगळ्यांना सांगतात की त्यांनी ठेवलं, सांगू देत, नावाने कुणाचं पोट भरलंय. पण याची गंमत बघा. लोक येतात ना, ते सगळे दारातल्या त्या दातवाल्यापाशी घोळका करतात. जबडा वासून उभा आहे मेला, पोरं किंचाळतात, आया फोटो काढतात. अहो, प्लॅस्टरचा आहे तो! डोक्यापासून नखांपर्यंत एक खरं हाड नाही. पेट्यांतून आला, नट-बोल्टांसकट, तीन दिवसांत उभा केला. कान पिळला तर हातात येईल, आणि कान तरी कुठे आहेत त्याला. आणि हा? हा खरा. विटांच्या मातीच्या खाणीत सापडलेला, हाडन्‌हाड याचं स्वतःचं, कोट्यवधी वर्षं मातीखाली पडून होता — याच्यासमोर येऊन लोक काय म्हणतात? ‘अगं बाई, केवढं हे कासव!’ कासव! टेम्पोएवढं लांब-रुंद जनावर, पोट जमिनीला लागेल इतकं बुटकं, पाठभर हाडाच्या ढाली, खांद्यांवर सुळे — आणि खाणं काय, तर पाला. नुसता पाला. दात बघितलेत ना तुम्ही? माझ्या करंगळीच्या नखाएवढे. कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण अंगावर याल तर दात तुमचेच पडतील. मला असली माणसं — म्हणजे जनावरं — आवडतात. माझी सासू म्हणायची, तुझं तोंड म्हणजे काटेरी कुंपण. म्हटलं, कुंपण आहे म्हणून तर रान राहिलंय, नाहीतर तुमच्या लेकानेच चरून टाकलं असतं.

तर कापड. कापडाचं विचारत होतात ना तुम्ही, मघाशी? मला कसं कळलं ते? सांगते. रोज सकाळी दार उघडायच्या आधी मी याला पुसते. ओलं नाही — कोरडं, धुऊन धुऊन विरलेलं सुती कापड, आणि पुसायचं डोक्याकडून शेपटीकडे. मांजराच्या अंगावरून हात फिरवतो ना आपण, तसं. का? तर प्रत्येक ढालीला मधोमध धार आहे, आणि ती सरळ उभी नाही, शेपटीकडे कललेली आहे, मागची कड खालून पोकळ — वाढलेल्या नखासारखी. डोक्याकडून कापड नेलं की ते नुसतं घसरत जातं, गुळगुळीत, मन लागतं त्यात. उलट नेलं की कड कापडाला धरते. आता उजव्या अंगाला मानेपासून ढुंगणापर्यंत — हो, ढुंगणच, तुमच्यात काय म्हणतात ते तुम्ही लिहा — कापड एकदाही अडत नाही. आणि डाव्या अंगाला, खांद्याच्या सुळ्यांपासून मागे, पाच रांगा — खट्‌. खट्‌. खट्‌. दर ढालीला. एक-एक धागा सोडवून घ्यावा लागतो. पहिल्याच दिवशी कळलं मला! उद्घाटनाच्या दुसऱ्या सकाळी, पाहुण्यांच्या खुर्च्यासुद्धा अजून उचलल्या नव्हत्या. म्हटलं, एकाच मांजराचे अर्धे केस मागे आणि अर्धे पुढे कसे असतील? याला शिक्षण लागतं का? हात लागतो हात. आणि तो लावतो कोण इथे? सगळे काचेतून बघतात.

गेले की मी सरांकडे. मोठे सर म्हणतात त्यांना आता, तेव्हा नुसते सर होते, मोठे झाले ते ढाल्याच्या पाठीवर बसून. खोलीत पाचसहा जण, चहा चाललेला. म्हटलं, सर, डाव्या अंगाला कापड अडकतंय. म्हणाले, ‘मग कापड बदल.’ हसले सगळे. म्हटलं, कापड तेच आहे, उजव्या अंगाला अडत नाही, ढाली उलट्या बसल्यात. तर चष्मा काढला, त्याची काडी अशी दातांत धरली — अजून धरतात, दोन चष्मे खाल्लेत आत्तापर्यंत — आणि म्हणाले, ‘मावशी, या ढालींवर मी तीन वर्षं काम केलंय. माझं पुस्तक छापलंय. तुमचं काय छापलंय?’ म्हटलं, ओल्या फरशीवर तुमचे बूट छापले जातात, ते पुसते मी. परत हसले. ही बाई विनोदी आहे म्हणाले. विनोदी! मी जीव तोडून सांगत होते आणि यांना चहाबरोबर करमणूक मिळाली.

गप्प बसणारी मी नव्हे. बाहेर ती अभिप्रायाची वही असते बघा, लोक लिहितात — फार सुंदर, फार ज्ञान मिळाले, पंखे वाढवावेत — त्यात मी लिहिलं, पेन्सिलीने, डाव्या अंगाच्या पाच रांगा उलट्या आहेत, कृपा करून हात लावून बघा. सही नाही केली. दुसऱ्या दिवशी ते पान गायब. मग मुलीला आणलं. शिकलेली आहे ती, ऑफिसात बसते, म्हटलं हिचं ऐकतील. तिने इकडून बघितलं, तिकडून बघितलं, पर्स सावरली आणि म्हणाली, ‘आई, तू ना, कुठेही नाक खुपसतेस. एवढी मोठी माणसं चुकतील का?’ म्हटलं, बये, चुकायला मोठंच असावं लागतं, लहानाला चुकू देतो कोण? चुकलं की दुसऱ्या दिवशी घरी. तर म्हणाली, तेच म्हणतेय मी, गप्प बस. पोटची पोर! पालथ्या घड्यावर पाणी.

एकटा लोहारदादा, ज्याने हा ढाल्या लोखंडावर उभा केला तो. विश्वास त्यानेही ठेवला नाही म्हणा — पण त्याने माझ्या हातातलं कापड मागून घेतलं. एवढ्या बारा वर्षांत कापड मागून घेणारा तो एकटा. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा, तरी मावशीच म्हणतो. त्याने कापड उजवीकडून फिरवलं. मग डावीकडून. खट्‌. थांबला. पुन्हा फिरवलं. म्हणाला, ‘अडकतंय खरं. पण मावशी, कोठारातून ढालींचे ट्रे जसे आले तसे मी बांधले. लाल रेघ डोक्याकडे, एवढंच मला सांगितलेलं.’ आणि बांधलंय कसं बघा — या, इथून वाका, खालून बघा. प्रत्येक ढालीला वेगळा लोखंडी पंजा, पंजाच्या प्रत्येक बोटाला आतून मऊ लोकर चिकटवलेली. एकशे ऐंशी पंजे! हाडाला एक भोक पाडलं नाही त्याने. सर म्हणत होते, पाडा भोकं, लवकर होईल. हा म्हणाला, मेलेल्या जनावराला काय म्हणून टोचायचं. वर्षभर मी इथे झाडू मारत होते आणि तो भात्यापुढे — म्हणजे त्या गॅसच्या ज्योतीपुढे — बसून एक-एक बोट वाकवत होता, ढालीवर ठेवून बघायचा, परत काढायचा, परत तापवायचा. जेवायच्या सुट्टीत डबा उघडायचा तर हात आधी तीनदा धुवायचा. नाही, तसलं काही नव्हतं हो, काय बघताय अशा! चांगलं काम करणारा माणूस दिसला की बघत राहावंसं वाटतं, एवढंच. आमच्या घरात तसा एकही नव्हता.

आता त्याच्या नावाची पितळी पाटी आहे चौथऱ्यावर, ती बघितलीत? खाली, कोपऱ्यात. लोखंडी काम, आणि पुढे त्याचं नाव. रिटायर झाला तो, डोळे अधू झालेत. पण महिन्यातला फुकट प्रवेशाचा दिवस चुकवत नाही. इस्त्रीचा शर्ट घालतो, येतो, पाटीसमोर उभा राहतो, दहा मिनिटं, मग जातो. कुणाशी बोलत नाही. लोकांना वाटतं म्हातारा जनावर बघतोय.

आणि उद्याच्या बैठकीनंतर ती पाटी निघणार आहे. स्क्रू ढिले करून ठेवलेत, हलवून बघा हवं तर. दोन महिन्यांपूर्वी कुठल्याशा परक्या मुलखातून पत्र आलं ना, की फोटोत तुमच्या जनावराच्या डाव्या ढाली उलट दिसतात — मी सांगितलं तेव्हा कापड बदल, आणि परक्याने लिहिलं तेव्हा सर चार दिवस जेवले नाहीत! आणि मग काय, सुरू झालं. स्वतःची मान सोडून बाकी सगळ्यांच्या माना चाचपून बघितल्या. शेवटी सापडली. हिशेब कसा मांडला बघा — खाणीतला नकाशा बरोबर, नकाशावरून ट्रे लावले ते सरांनी स्वतः, म्हणून ट्रे बरोबर. मग ट्रेनंतर कोण? लोहार. त्यानेच पाच ट्रे उलटे धरून बांधले. झालं! चोर सोडून संन्याशाला फाशी. मी तो कागद वाचलाय, टेबलावर उघडाच होता — ‘अल्पशिक्षित कारागिराच्या निष्काळजीपणामुळे.’ निष्काळजी! ज्याने दगड झालेल्या हाडाला लोकरीत गुंडाळलं तो!

आणि सगळ्यांत वाईट काय सांगू? गेल्या फुकटच्या दिवशी तो आला होता. त्याला कुणीतरी सांगितलं असणार. पाटीसमोर उभा नाही राहिला, माझ्याकडे आला. मी तिथे त्या खांबापाशी बादली पिळत होते. म्हणाला, ‘मावशी, माझ्या हातून झालं असेल का गं?’ एवढंच. आपल्या हातांकडे बघत. आता हा माणूस, ज्याने आयुष्यात एक खिळा तिरपा मारला नाही, तो म्हातारपणी स्वतःचे हात तपासतोय! रात्रंदिवस तेच म्हणे डोक्यात, कुठला ट्रे कसा धरला होता. मी म्हटलं, दादा, तुमच्या हातून होणं शक्य नाही, तोंड धुवा आणि घरी जा. तर तो हसला, म्हणजे हसल्यासारखं केलं. त्या हसण्यासाठी मी सरांना जन्मात माफ करणार नाही. म्हणून तर तुमच्याशी एवढं बोलतेय, नाहीतर मला काय, माझं दालन पुसून झालं की मी मोकळी.

काय? मग चूक झाली कुठे? ते तुम्ही शोधायचं, त्याचे तुम्हाला कागद मिळतात! — नाही, खरंच विचारताय? मधल्या काळात ट्रेंना कुणी हात लावला होता का? सर काय लिहितात त्यावर? ‘ट्रे कोठारात तीन वर्षं कुलपात होते, कुणीही स्पर्श केलेला नाही.’ हा! हा हा! स्पर्श केलेला नाही म्हणे! सरांना वाटतं कुलूप लावलं की जग थांबतं. सांगू का तुम्हाला? सांगतेच. इतकी वर्षं सांगितलं नाही कारण डुलकीची नोकरी गेली असती. डुलकी म्हणजे आमचा जुना पहारेकरी, खुर्चीत बसला की मान खाली, म्हणून डुलकी. गेला बिचारा गेल्या साली, आता त्याला कोण काढणार. तर त्या वर्षी — ढाल्या अजून ट्रेमधेच होता, उभा करायला बराच अवकाश होता — एक दिवस सकाळी नळाला पाणी नव्हतं. डुलकीने वरच्या मजल्यावरचा नळ उघडून बघितला, नाही म्हटल्यावर तसाच सोडला आणि खाली येऊन पेंगला. दुपारी पाणी आलं. वरचं बेसिन भरलं, वाहिलं, छतातून थेट कोठारात! सर कुठल्या तरी परिषदेला गेलेले. हा धावत माझ्याकडे, तोंड पांढरंफटक, मावशी मेलो, मावशी मेलो. कोठाराची किल्ली होती त्याच्याकडे, उघडून बघितलं — डाव्या भिंतीचे पाच ट्रे, वरून चुन्याचं पाणी टपटपतंय, ट्रेमधे गढूळ चिखल आणि त्यात ढाली.

आता काय करणार? सरांचा हुकूम, हाडाला बोट लावायचं नाही. पण तसंच ठेवलं असतं तर चुना हाडात मुरला असता! मी म्हटलं, डुलकी, तू बाहेर उभा राहा, कुणी आलं तर खोक. आणि एकटीने केलं मी सगळं. अख्खी दुपार. एक ओरखडा नाही पडला मॅडम, एक नाही! तुम्ही तुमच्या त्या भिंगातून बघितल्यात ना ढाली? दिसला ओरखडा? सरांनी परत येऊन काही ओळखलं का? नाव नको. तीन दिवस इथे डोळे फाडून फिरले आणि त्यांना पत्ता लागला नाही. अल्पशिक्षित म्हणे! अल्पशिक्षितांनीच वाचवलाय तुमचा ढाल्या.

कसं केलं? दाखवते की. दाखवल्याशिवाय तुम्हाला कळायचं नाही, कारण हाडांवर तर काही खूण नव्हती. सरांचा कडक नियम, हाडाला रंग लावायचा नाही. खूण फक्त ट्रेवर — एका टोकाला लाल रेघ, म्हणजे ते टोक डोक्याकडचं. प्रत्येक ट्रेमधे एक रांग, सहा ढाली, सगळ्या साधारण एका मापाच्या. हं, सरका थोड्या. हा बाक म्हणजे कोठारातलं लांब टेबल समजा. ही केराची सुपली म्हणजे ट्रे, सुपलीचं तोंड म्हणजे लाल रेघ. आणि ही माझी चप्पल म्हणजे ढाल — नाक मुरडू नका, धुतलेली आहे — पुढचं टोक डोक्याकडे, टाच शेपटीकडे. तर मी उभी होते इथे, जिन्याच्या दाराकडच्या बाजूला. ट्रे पुढ्यात, लाल रेघ उजव्या हाताला. दोन्ही हातांनी एक-एक ढाल उचलायची आणि टेबलावर जुनी चादर अंथरलेली, तिच्यावर सरळ ठेवायची, जशी होती तशी, त्याच रांगेत. चपलेचं टोक उजवीकडे. दिसलं? सहाच्या सहा. मग विरलेल्या कापडाने टिपून घेतल्या, फुंकर घातली. मग रिकामे ट्रे उचलले आणि मागच्या अंगणात नेऊन धुतले, घासले, उन्हाला लावले. वाळल्यावर परत आत आणले. कुठून? तर अंगणाच्या दारातून, टेबलाच्या या दुसऱ्या बाजूने — अशी बाकाला वळसा घालून आले मी, पाय घ्या जरा आत — आणि ट्रे ठेवला ढालींच्या शेजारी, पुढ्यात, लाल रेघ उजव्या हाताला, होती तशी. विसरायची नाही मी! तोंडाने म्हणत होते, रेघ उजवीकडे, रेघ उजवीकडे. आणि मग दोन्ही हातांनी ढाल उचलायची, फिरवायची नाही, सरळ आपली ट्रेमधे — ही अशी —

थांबा.

नाही, चुकलं काहीतरी माझं. परत करते. त्या बाजूला उभी. तोंड उजवीकडे. चपलेचं टोक उजवीकडे. बरोबर. सुपली उचलली. आले इकडे. सुपलीचं तोंड उजवीकडे. चप्पल उचलली, फिरवली नाही, ठेवली —

टाच.

टाच आली तोंडाकडे.

तुम्ही बघितलंत का? नाही? काय करत होतात — कॅमेऱ्याचा सेल बदलत होतात? बरं. असू दे. बरं झालं. काही नाही हो, चप्पल घालते मी, थंड आहे फरशी. कुठवर आलो होतो? डुलकीचा नळ. ते लिहा तुम्ही, नळ उघडा राहिला, पाणी आलं, ट्रे भिजले, डुलकीचं नाव घाला, मेलेल्या माणसाला काय फरक पडतो. त्याची बायको आहे म्हणा. पण ती कशाला वाचायला येतेय तुमचा अहवाल. की सरळ सरांचंच लिहा! हाडाला खूण करायची नाही हा नियम कुणाचा? त्यांचा. खूण असती तर झालं असतं का हे? नसतं. मग झालं तर! लिहा सरांचं, मी सही करते, अंगठा देते, काय हवं ते देते. बारा वर्षं मी बोंबलतेय आणि तो माणूस चष्म्याची काडी चघळत बसलाय, त्याचीच चूक, त्याची नाही तर काय माझी? माझं बोलणं खरं निघालं ना? तुम्हीच म्हणालात ना, उलट्या आहेत म्हणून? मग! मी म्हणत होते तेच —

बारा वर्षं. रोज सकाळी. खट्‌ खट्‌ करून मलाच सांगत होता तो, आणि मी ते जगाला ऐकवत फिरले.

ठेवा तो कॅमेरा खाली. ठेवा म्हणते ना! इकडे बघा, आणि आता डोळे मिटू नका. ही सुपली. ही चप्पल. मी इथे. टोक तोंडाकडे, दिसतंय? आता मी वळसा घालून इकडे आले. सुपलीचं तोंड परत माझ्या उजव्या हाताला. चप्पल सरळ उचलून ठेवली. टाच तोंडाकडे. कळलं? माझा उजवा हात तोच, माणूस टेबलाच्या पलीकडे गेला. पाच ट्रे, एकेका ट्रेमधे सहा, तीस ढाली. एक ओरखडा नाही, आणि सगळ्या उलट्या. पुढे लोहाराकडे आले ते हेच ट्रे. त्याने लाल रेघ डोक्याकडे धरली, सांगितलं होतं तसं, आणि बांधलं. त्याने काय वाईट केलं? काही नाही. त्याच्या हातून काही झालेलं नाही. हे आधी लिहा, सगळ्यांत वर, आणि असं लिहा की वाचून दाखवलं तरी कळेल, कारण त्याला आता बारीक अक्षर दिसत नाही.

नाही, मला पाणी नको. आणि ‘असू द्या मावशी, कुणाच्याही हातून होतं’ असलं काही म्हणू नका, तुमच्या तोंडाला शोभत नाही ते. कुणाच्याही हातून होतं तर मग एवढ्या लांबून कशाला आलात? सरांची गोष्ट वेगळी. बारा वर्षांत एकदा ते कापड हातात घेतलं असतं तर तेव्हाच ट्रेची विचारपूस झाली असती, तेव्हाच मला आठवलं असतं, आणि एक म्हातारा आपल्या हातांकडे बघत बसला नसता. तो त्यांचा भाग, तो वेगळ्या पानावर लिहा, सोडू नका. पण ढाली कुणी उलटवल्या, त्या ओळीत त्यांचं नाव नको. लिहिता आलं असतं तर मला काय आनंद झाला असता, तुम्हाला सांगून कळायचं नाही. पण नको. डुलकीचंही नको. त्याने पाणी सांडलं, हाडं नाही सांडली.

लिहिलंत? मग उठा आता. बसून काय राहिलात, मला इथली फरशी पुसायची आहे अजून, आणि जाताना तेवढे ते पाटीचे स्क्रू कुणाला तरी घट्ट करायला सांगा, मी लावणार होते पण आज माझा हात नको कशाला. काय? नाव? नाव काय लिहू म्हणता? बावीस वर्षं झाली मला इथे, आजवर कुणी विचारलं नाही, आणि विचारलंत ते यासाठी! हजेरीच्या वहीत असेल काहीतरी, पण ते वाचून इथे कुणाला कळणार आहे का, ही कोण ते? ते उद्या एकमेकांची तोंडं बघत बसतील. नाही, बैठकीत नाव वाचलं की सगळ्यांना एका क्षणात कळलं पाहिजे, सरांना आधी. ज्या नावाने उठता-बसता हाक मारतात तेच घाला, मोठ्या अक्षरात — मावशी.